निळ्या शाईत पाणी

शेठनी रंगीत प्रिंटर आणला आणि तो माझ्या गळ्यात मारला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचं भिवंडीतलं ऑफिस लूमच्या शेडच्या वर. खाली खडखडाट चालायचा आणि वर टेबलावरचा पेनसुद्धा थरथरायचा. मी तिथे हेडक्लार्क. शेठ म्हणाले, बाई, मशीन परवडतं, पण त्याच्या शाईची डबी घेताना घाम फुटतो. तुमच्याशिवाय हे कुणाला झेपायचं नाही. ते ऐकून मी फुगले. खोटं कशाला बोलू, अजूनही आठवलं की थोडी फुगते.

मग काय, मी कायदेच केले. रंगीत छपाई फक्त कापडाच्या डिझाइनची, तीही माझ्या सहीने. आमच्या अकाउंटंटने घरच्या सत्यनारायणाची पत्रिका गुपचूप रंगीत काढली, तर दोन दिवस मी त्याचं जिणं नकोसं केलं. छापलेला कागद काम झालं की परत माझ्याकडे यायलाच हवा, कारण त्याच्या पाठीवर मी कच्चं लिहायची. डबी रिकामी झाली की नवी घ्यायची नाही. औषधाच्या दुकानातून सिरिंज आणायची आणि बाटलीतली शाई भरायची. माझी बोटं आठवडा आठवडा रंगलेली. सासूबाई विचारायच्या, तुमच्या ऑफिसात रोज रंगपंचमी असते का गं?

निळा सगळ्यांत आधी संपायचा, कारण आमचं बरंचसं कापड शाळेच्या गणवेशाचं, निळ्या नाहीतर हिरव्या चौकड्याचं, आणि हिरव्यालाही निळा लागतोच. एकदा बाटलीच्या तळाशी थोडीच निळी शाई उरली आणि मला सुचलं, पाणी घालावं. पाहुणे वाढले की आमटी वाढवतो, तसंच. घातलं. छापून पाहिलं. चौकडा चौकड्यासारखा दिसत होता. स्वतःवर इतकी खूश झाले की सांगता सोय नाही.

सूत रंगवायचं काम मास्तरचाचांकडे. माणूस उत्तरेकडचा, पण भिवंडीत येऊन वीसेक वर्षं झालेली. पूर्वी माल घेणारी पार्टी कापडाचा तुकडा द्यायची, त्यावरून ते रंग जुळवायचे. प्रिंटर आल्यावर शेठनी ती रीत मोडली. आता डिझाइनची एक प्रत पार्टीने पसंत करून ठेवून घ्यायची आणि दुसरी चाचांकडे जायची. चाचा कागद घेऊन उजेडात उभे राहायचे, त्यावर सुताची लड धरायचे, आणि त्यांनी हो म्हटलं की कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही.

एका शाळेची मोठी ऑर्डर आली. पार्टीला गेलेली प्रत पाणी न घातलेल्या शाईतली. चाचांची मी पंधरा दिवसांनी काढली, ती पाण्याच्या शाईतली. ती घेऊन चाचा जिना चढून वर आले. निळा फिका वाटतोय, म्हणाले, एक कागद परत काढून देता का? महिनाअखेर होती, माझ्या नाकी नऊ आले होते. तोंडाचा पट्टा सुटला.

"कागज एकदम ठीक है, चाचा. हर बार नया कहाँ से दूँ?"

ते तोच कागद घेऊन खाली गेले.

कापड तयार झालं, पार्टीकडे गेलं आणि तसंच परत आलं. गडद निळ्याच्या जागी धुऊन विटल्यासारखा निळा. सोबत पार्टीने आपली प्रतही पाठवली होती. शेठनी चाचांना वर बोलावून दोन्ही समोर ठेवलं. चाचांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं.

"मुझे तो उस दिन कागज ही फीका दिखा था, सेठ," ते म्हणाले. "बहनजी ने कहा ठीक है. मतलब आँख मेरी गई."

तक्रारीचा सूर नव्हता हो, तेच वाईट. माझा शब्द खरा धरला आणि स्वतःचे डोळे खोटे. शेठनी तर माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही, इतका माझ्यावर भरवसा. डोळे दाखवून घ्या, म्हणाले, आणि सध्या घरीच बसा. माल काल्हेरच्या गोदामात जाऊन पडला.

चाचांनी परत केलेली प्रत माझ्या खणात होती. तिच्या पाठीवर मी टपालाची यादीसुद्धा लिहिली होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती पार्टीच्या प्रतीशेजारी ठेवली. शेंबड्या पोरालाही फरक कळला असता. तरी मी आठ दिवस मूग गिळून बसले. नोकरीची भीती होती, पण त्याहून जास्त भीती होती ती लोक हसतील याची. एवढी कडक बाई, आणि शाईत पाणी घालते!

आठव्या दिवशी शेठ म्हणाले, चाचांच्या जागी दुसरा माणूस कायमचा घेतोय, त्याचं पत्र टाईप करा. मी टाईपरायटरवर कागद चढवला आणि परत काढला. उठले, दोन्ही प्रती शेठसमोर ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि म्हणाले, "तुम्हीच जाऊन घेऊन या त्यांना."

रिक्षा करून गेले. चाचा खोलीच्या उंबऱ्यात बसले होते, आत त्यांची बायको रोट्या करत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की डोळे तुमचे चांगले आहेत, शाईत पाणी मी घातलं होतं, आणि हात जोडले. मला वाटलं होतं, ते चिडतील, मी रडेन आणि मोकळी होईन. ते चिडले नाहीत. आतल्या बाजूला मान वळवून बायकोकडे पाहत राहिले.

"आठ दिन से मैं इससे इसकी चूड़ियों का रंग पूछ रहा हूँ, बहनजी," ते म्हणाले. "ये कहती है हरी. मुझे भी हरी ही दिखती हैं. फिर भी पूछता हूँ."