योगराज पिकअप सजवतो

रावेरकडच्या केळीपट्ट्यात योगराज बन्सीलालचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "आता काय आणलं त्यानं?" माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खोड एकच. कुठलंही काम करण्यापेक्षा त्या कामाची तयारी करायला त्याला फार आवडतं. तयारी तो इतका जीव लावून करतो की प्रत्यक्ष काम करायची वेळ येईपर्यंत त्याचा उत्साहही संपलेला असतो आणि मुहूर्तही टळलेला असतो.

कोंबड्यांचंच घ्या. मळ्यात शेड बांधली. दाणापाण्याची भांडी आली, पिल्लांना ऊब मिळावी म्हणून बल्ब लागले, उद्घाटनाला भरीत-पुरीची पंगत उठली. अशी शेड तालुक्यात नाही, असं म्हणत पाहुणे ढेकर देत घरी गेले. आणि खरंच नव्हती, कारण त्या शेडमध्ये कोंबडी म्हणून कधी आलीच नाही. कोणत्या जातीची आणावी याचा योगराजचा अभ्यास चालू होता. तो चालू असतानाच त्याची बायको ज्योत्स्ना हिनं एका सकाळी तिथं भट्टी मांडली, गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि केळीचे वेफर्स तळायला घेतले. आज त्या वेफर्सना भुसावळ-जळगावात गिऱ्हाईक आहे. योगराज मात्र त्या जागेला अजून 'पोल्ट्री'च म्हणतो.

अशा माणसाला चाळिशी ओलांडल्यावर मातीतल्या मोटारसायकलींचं वेड लागलं. मोबाईलवर कुठल्या तरी देशातली पोरं चिखल उडवत टेकाडांवरून झेपा घेताना त्यानं पाहिली आणि जेवता जेवता घोषणा केली की आपला जन्म यासाठीच झालेला आहे. त्याचा जन्म कशासाठी झाला हे घरच्यांनी याआधीही बऱ्याचदा ऐकलेलं होतं, त्यामुळे कुणी घास थांबवला नाही. एक डर्ट बाईक आली. ती बिघडली तर पंचाईत नको म्हणून दुसरी आली. पहिली बिघडायला ती आधी चालवावी लागते, हे त्याला कुणी सांगायचं? दोन-चारदा त्यानं ती मळ्याच्या बांधावर फिरवली, एकदा ठिबकच्या नळ्यांत घातली, आणि त्याच्या वडिलांनी, म्हणजे बन्सीलाल नानांनी, दोन्ही गाड्यांना मळाबंदी केली.

झालं! मळ्यात जागा नाही, म्हणजे डोंगर हवा. डोंगर पश्चिमेला, साक्रीच्या अंगाला. तिथवर गाड्या न्यायच्या तर पिकअप हवी. ज्योत्स्ना एवढ्या सहज 'हो' म्हणाली की योगराजच चरकला. पण तिचा हिशेब सरळ होता. आठवडाभर पिकअपमधून वेफर्सचे खोके जातील, रविवारी काय त्या फटफट्या न्यायच्या त्या न्या. आजवर ती लोकांच्या टेम्पोवाल्यांची मनधरणी करत आली होती. घरची गाडी आली तर माल थेट धुळ्यापर्यंत जाईल, एवढंच तिला हवं होतं.

पण कोरी पिकअप दारात आली, तिला हार-नारळ झाला, आणि दुसऱ्याच दिवशी योगराज ती घेऊन धुळ्याला गेला. फिटिंग करायला.

धुळ्यात, पांझरा नदीपलीकडे देवपुरात असलमभाईंचा बॉडीचा कारखाना. बापापासून ट्रकच्या बॉड्या बांधणारा माणूस. तो आणि योगराज म्हणजे एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. योगराजला सतत काहीतरी सुचायचं आणि असलमभाईंच्या तोंडात 'नाही' हा शब्द अल्लानं घातलेलाच नव्हता. मोटारसायकल चढवायला उतरती फळी हवी? हो. ती घडीची हवी? हो. चाक अडकवायला हौद्याच्या तळाशी लोखंडी खोबणी? हो भाऊ. बाजूंना कड्या, कड्यांना खटक्याचे पट्टे, हेल्मेटला कप्पा, पाण्याची टाकी, हात धुवायला नळ? हो, हो, हो. वर असलमभाईंनी आपल्या मनानं मागच्या फाळक्यावर दोन मोर काढले आणि केबिनभर रंगीत दिव्यांची माळ लावली.

"भाऊ, मी बॉडी बनवतो, डबा नाही बनवत," असलमभाई म्हणाले. "डोंगरावर लोक आधी गाडी बघतील, मंग तुमाले बघतील."

योगराजला हे फार पटलं. दर आठवड्याला तो धुळ्याला जायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि एखादी कडी दोन बोटं पुढे सरकवून घ्यायचा. पुढच्या आठवड्यात ती परत मागे यायची. थंडी सरली, केळीची कटाई सुरू झाली, ज्योत्स्नाचे वेफर्स अजून लोकांच्याच टेम्पोतून जात होते. शेवटी एकदाची गाडी घरी आली तेव्हा ज्योत्स्ना खोका घेऊन हौद्यात चढली. खोका ठेवायला जागा नव्हती. जिकडे टेकवावा तिकडे खोबणी नाहीतर कडी. ती खाली उतरली आणि सासऱ्यांसमोर, ओसरीवर, शांतपणे बोलली.

"नाना, तुमी साक्षीले राहा. साक्रीकडे येत्या रविवारी त्या फटफट्यांच्या शर्यती हायेत. हे शर्यतीत उतरले त गाडी यांची, मी जन्मात पुन्हा मागणार नही. नही उतरले त सोमवारी हे समदं लोखंड मी कापून टाकते. मंग गाडी वेफर्सची."

"उतरीन ना!" योगराज म्हणाला. "न उतरायले काय झालं?"

नानांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली आणि साक्षीला होकाराची मान हलवली. गाव मात्र बोलत सुटलं. पारावर, सलूनमध्ये, केळी भरायच्या काट्यावर एकच विषय. योगराज जाणार की नाही? जो तो म्हणत होता की नाही जाणार. कुणी तर सांगत होता, जाईल हो, पण भुसावळहून परत येईल. योगराजच्या कानावर हे सगळं येत होतं. त्याला राग यायचा आणि रागाच्या तळाशी बारीक भीतीही वाटायची, की यांना कसं कळतं? त्यानं फी भरून नाव नोंदवलं आणि नोंदणीचा फोटो सगळ्यांना पाठवला, म्हणजे मागे फिरायची वाटच राहू नये.

रविवारी उजाडताच गाड्या चढल्या. घडीची फळी झकास उलगडली, चाकं खोबणीत बसली. आता असलमभाईंचे पट्टे आवळायचे, एवढंच उरलं होतं. योगराजनं एक पट्टा ओढला, खटका वाजला, आणि त्याचं काळीज हललं. पट्टा टाकीवरच्या रंगाला घासत होता. तो जन्मानं केळीवाला. केळीपट्ट्यात मूल चालायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं, की डाग पडला तर माल गेला. म्हणून इकडे केळीच्या गाडीत घडाला दोर लावत नाहीत. घडाला घड भिडवतात आणि मध्ये पानं ठासतात.

भिकन, म्हणजे केळी भरणाऱ्या टोळीचा मुकादम, मजा बघायला आलाच होता. त्यानं पट्ट्याकडे पाहून नाक मुरडलं.

"भाऊ, येवढा नाजूक माल अन् दोर लावता? डाग पडीन ना! सोडा ते. मी पानात भरून देतो. घड हालत नही, त फटफटी काय हालीन?"

दोघांनाही हे अगदी शहाणपणाचं वाटलं. कितीतरी खेपा घालून कड्या बसवून घेतल्या होत्या, त्यांना हात न लावता केळीची हिरवीगार पानं आली. भिकनच्या टोळीनं ती थरांवर थर ठासली. काम इतकं सुबक झालं की गाड्या दिसेनाशा झाल्या. हौद्याच्या वर पानांचे शेंडे डुलायला लागले. ज्योत्स्ना वेफर्सचा एक खोका मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसली होती. "पट्टे कशापायी घेतले होते मंग?" एवढंच तिनं विचारलं. योगराजनं ऐकलं नाही असं दाखवलं.

भुसावळ गेलं. योगराज परत फिरला नाही, आणि त्याची छाती दोन इंच फुगली. जळगाव गेलं. ऊन चढलं. पारोळ्याला चहाला थांबले, तर एक व्यापारी थेट फाळक्याशी.

"काय भाव शे केळीस्ना?"

"केळी नाहीत, भाऊ."

"रावेरनी गाडी शे, पाने शेतस, अनी केळी नही म्हंतस?" तो वर चढून पानं उचकायला लागला. "माल दपाडी राह्यना का? आते भाव चढना शे म्हनीसन!"

माल दडवल्याचा आरोप ऐकून बघता बघता पाच-सहाजण जमले. मोटारसायकली केळीच्या पानात भरून नेणारा माणूस पारोळ्यानं आजवर पाहिला नव्हता. उन्हानं पानं मलूल झाली होती, थर बसला होता आणि दोन्ही गाड्या एकमेकींच्या अंगावर रेलल्या होत्या. एका गाडीच्या क्लचचा दांडा मोडला होता. दुसरीची तर अवस्था बघवत नव्हती, तिचं हँडलच पहिलीच्या चाकात घुसून वाकलं होतं. आणि ज्या डागाच्या भीतीनं पट्टे सोडले, तसले डाग टाकीभर पडले होते.

योगराजनं कपाळावर हात मारला. "संपलं! आता कसली शर्यत?"

हे तो मोठ्यानं बोलला. मनातलं सांगायचं तर त्याला एकदम हलकं वाटलं. गेल्या आठवडाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. नशीबच फुटकं, त्याला योगराज काय करणार? गावाला सांगता येईल, पारावर मान वर करून बसता येईल. त्याला चक्क भजी खावीशी वाटली, आणि त्यानं ती मागवलीही.

ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत होती. "धुळं इथून किती लांब हाये?" ती म्हणाली. "असलमभाईकडे चला."

असलमभाईंनी गाडी पाहिली आणि पाहतच राहिले. मोडक्या दांड्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना लागली ती पानं. "माझ्या बॉडीत पाला? मी काय बकऱ्यांची गाडी बनवली होती का, भाऊ?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं सगळा पाला रस्त्यावर उपसला. पुढच्या गॅरेजमधून भलत्याच गाडीचा दांडा आणला, कानशीनं घासला आणि चांगल्या गाडीला बसवला. मग दोन्ही गाड्यांना पट्टे असे करकचून आवळले की पिकअप उलटी केली तरी हलू नयेत. हे चाललं असताना योगराज, "उशीर होईल, असलमभाई, राहू द्या," असं तीनदा म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही. ज्योत्स्नानं वेफर्सचा खोका असलमभाईंच्या घरी दिला आणि त्यांच्या बिरादरीत दुसऱ्या दिवसापासून माल द्यायचं ठरवूनही आली.

साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, माळ उकरून शर्यतीची वाट केलेली होती. कर्णा कोकलत होता, धूळ उडत होती. पोरं आली होती ती मिळेल त्या वाहनातून. कुणी गाडी छोट्या टेम्पोत गोणपाटावर आडवी टाकून आणली होती, तर कुणी ती सरळ चालवतच आणली होती. त्यात ही मोरांची पिकअप शिरली, आणि शर्यत सोडून अर्धी गर्दी तिच्याभोवती गोळा झाली.

योगराजला असं सुख आयुष्यात मिळालं नव्हतं. त्यानं फळी उलगडून दाखवली, घडी घालून दाखवली, खटक्याचा पट्टा कसा सुटतो आणि कसा बसतो ते दाखवलं. नळ सोडून एकाला हात धुवायला लावले. पोरं 'दादा, दादा' करत होती. ज्योत्स्ना केबिनच्या दारात बसून होती.

कर्ण्यावर नाव आलं. "योगराज बन्सीलाल, रावेर, यांनी आरंभरेषेवर यावं." ज्योत्स्ना ताठ झाली. योगराज पोरांना खोबणीची रुंदी सांगत होता. पुन्हा नाव आलं. त्याचा आवाज जरा चढला आणि तो पाण्याच्या टाकीकडे वळला. त्याला नाव ऐकू येत होतं. त्या टेकाडाकडे त्यानं आल्याबरोबर एकदाच पाहिलं होतं आणि लगेच तिकडे पाठ फिरवली होती. ही पोरं हाडं मोडून घ्यायला आली होती. आपण तर दाखवायला आलो होतो, एवढं त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

तेवढ्यात शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा एक कार्यकर्ता धावत आला. "रावेरचे योगराज बन्सीलाल इथेच आहेत का? शर्यत थांबवून ठेवलीय त्यांच्यासाठी!"

पोरं योगराजकडे बघायला लागली. योगराजनं हातातला पट्टा कडीत अडकवला, खटका बसवला, आणि कार्यकर्त्याकडे न बघता म्हणाला, "ते आलेले नाहीत. मी त्यांचा ड्रायव्हर."

ज्योत्स्ना खाली उतरली. ती आता चारचौघांत ओरडणार म्हणून योगराजनं मान खाली घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, किल्लीसाठी हात पुढे केला आणि कार्यकर्त्याला म्हणाली,

"नाव खोडा, दादा. लगन झालं तवापासून आमी बी त्याहिचीच वाट पाहू राह्यलो."