इतवारीचा रस्ता

बाबांच्या फुफ्फुसांवर इलाज उरला नव्हता. निदान धाप तरी कमी व्हावी, म्हणून सिस्टर दर मंगळवारी बेसाहून स्कूटीवर आमच्या महाल भागातल्या घरी यायच्या. आल्या की आधी टेबलफॅनचं तोंड बाबांच्या गालाकडे वळवायच्या, मॉर्फिनची बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघायच्या आणि मग विचारायच्या, "काका, मले इतवारीत जाचं आहे. कसं जाऊ?"

बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं. ते खुशीत रस्ता सांगायचे, सिस्टर वहीत काहीतरी लिहायच्या. पुढच्या मंगळवारी पुन्हा तोच प्रश्न! बाई फारच विसरभोळी आहे, असं मी बायकोला म्हणालोही. एकदा बाबा सांगता सांगता धापा टाकायला लागले, तेव्हा मी चिडून उरलेला रस्ता स्वतःच सांगून टाकला.

जिन्यात सिस्टर हळूच म्हणाल्या, "रस्ता मले माहीत आहे, भाऊ. काका एका श्वासात कुठवर पोचते, ते पाहून राहिली मी. डॉक्टर त्यावरच औषध ठरवते."

मग मीही लक्ष ठेवू लागलो. दिवाळीत बाबा एका दमात गांधीबागेपर्यंत जायचे. संक्रांतीला चिटणीस पार्कपाशी थांबले. होळीला बडकस चौकही ओलांडवेना.

परवा त्यांचे नुसते ओठ हलले. सिस्टरनी वही उघडलीच नाही. बाबांचा हात हातात घेऊन त्याच सावकाश सांगत गेल्या, "बडकस चौक... चिटणीस पार्क... गांधीबाग... आलं दुकान, काका. बसा गादीवर."