हातमोज्यातली फुंकर

नेपल्सच्या सानिता वस्तीत घरोघरी हातमोजे शिवले जायचे, पण आसुंता कापुआनोसारखे कुणालाच जमत नाहीत, असं तिच्या शेजारणीसुद्धा म्हणायच्या. शेजारणीच म्हणायच्या, म्हणजे ते खरंच असणार. मोजा शिवून झाला की तो ओठांशी नेऊन ती आत फुंकर मारायची. पाचही बोटं टम्म फुगली की अलगद हात घालून बघायची. फुंकर तशी सगळ्याच बायका मारत. आसुंताची मात्र लांब आणि सावकाश, बशीतला चहा निववावा तशी.

बहात्तर साली रोमहून सिनेमावाले आले. तेव्हा इटलीत खुनाच्या सिनेमांचं नुसतं पेव फुटलं होतं. त्यांत खुनी शेवटपर्यंत दिसायचा नाही. दिसायचे ते काळे मोजे घातलेले त्याचे हात. ते मोजे शिवायचं काम आसुंताकडे आलं. आतली पेरं दिसतील इतकं पातळ चामडं हवं होतं. तिने कोकराचं कातडं निवडलं, जीव ओतून शिवलं आणि तिथेच घोळ घातला. जन्माच्या सवयीने प्रत्येक बोट ती स्वतःच्या हातावर चढवून बघत गेली, आणि मोजे नटाऐवजी तिच्याच मापाचे झाले.

त्या धिप्पाड नटाने हात घातला तशी अंगठ्याची शिवण उसवली. दिग्दर्शक कडाडला, "अहो बाई, कुणाच्या मापाचे शिवलेत हे? तुमच्या?"

"माझ्याच मापाचे झालेत, साहेब," आसुंता रडकुंडीला आली. "उसवलंय तेवढं टाचते, पण मोठे नाही व्हायचे आता."

तिने तिथेच बसून शिवण घातली. दिग्दर्शक तिच्या लांब, हाडकुळ्या बोटांकडे बघत राहिला. "मग तुम्हीच घाला," तो म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. आसुंताची बोबडी वळली होती, पण हातांना त्याचं काय? त्यांनी रोजचंच केलं. मोजा ओठांशी गेला, आत फुंकर शिरली, काळी बोटं एकेक करून उठली. मग तिच्या ध्यानात आलं. "अरे देवा, चुकलं माझं!"

"पुन्हा," दिग्दर्शक हलक्या आवाजात म्हणाला. "अगदी तस्संच."

हात बाईचे आहेत हे फुटलं तर सिनेमातली गंमतच जाईल, म्हणून त्याने तिला मदोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, शपथ घातली. सिनेमा थिएटरात आहे तोवर एक अक्षर बोलायचं नाही. आसुंताने शपथ पाळली.

वस्तीतल्या थिएटरात ती नवऱ्याबरोबर, एराज्मोबरोबर, गेली. तिथे कोण गप्प बसतंय? भोपळ्याच्या बिया सोलत लोक पडद्यावरच्या पोरीला ओरडून सांगत होते, "अगं बये, मागे बघ की!" तेवढ्यात भिंतीएवढा हात आला. मग फुंकर ऐकू आली, आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं. बी फोडल्याचासुद्धा आवाज येईना. एराज्मोने छातीवर क्रूस काढला. "कोण गं हा सैतान!" आसुंताच्या अंगावर सरसरून काटा आला. आपलेच हात आहेत हे ठाऊक असून ती त्यांना भ्यायली. आपल्या श्वासाने एवढी माणसं गप्प होतात, हे तिला खरंच वाटेना.

सिनेमा उतरल्यावर तिने सांगून टाकलं. एराज्मोला हसता हसता ठसका लागला. शेजारची तितीना म्हणाली, "हो गं बाई, आणि पोपचे बूट माझा नवरा शिवतो!" हेही तिने सोसलं. पण तिची लेक रोझारिया तेव्हा लहान होती. असल्या सिनेमाला मुलांना आत सोडत नसत. ती रडत घरी आली. "आई, शाळेत पोरी चिडवतात मला. खोटं नको ना बोलत जाऊस." ते काळजात रुतलं. आसुंताने तो विषय पुन्हा काढला नाही.

रोझारिया लग्न करून अमेरिकेला गेली. एराज्मो वारला, संधिवाताने आसुंताची बोटं वाकली, शिवणं सुटलं. एका हिवाळ्यात ती लेकीकडे गेली असताना रविवारी दुपारी दोघी सिनेमाला गेल्या. पोरापोरींच्या मागे लागलेला कुणी मुखवटेवाला खुनी होता. आसुंताला भाषा कळत नव्हती, पण किंकाळ्या कळायला भाषा कशाला लागते? मग पडद्यावर काळा मोजा आला. आणि फुंकर. लांब, सावकाश. थिएटर चिडीचूप झालं, सानितासारखंच.

रोझारिया पडद्याकडे बघतच नव्हती, ती आईकडे बघत होती. शिवणाच्या टेबलापाशी अभ्यास करताना तिने हा श्वास रोज ऐकला होता.

"आई," ती कुजबुजली, "ही तुझी फुंकर आहे."

"माझी इथे कशी येईल गं?"

"आपल्याकडचे ते सिनेमे बघूनच तर हे लोक घाबरवायला शिकले. मला काय माहीत... मला आत सोडलंच नव्हतं." ती रडू लागली.

बाहेर दोन कॉलेजच्या पोरी हातमोज्यांत फुंकर मारून एकमेकींना घाबरवत होत्या. रोझारियाने त्यांना अडवलं आणि आईकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. पोरींनी डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हातारीकडे पाहिलं आणि हसू लागल्या, तितीना हसली होती तशाच. आसुंताने लेकीची बाही ओढली. "जाऊ दे गं. चल घरी."

"नाही जायचं," रोझारियाने आईच्या कोटाच्या खिशातून काळा मोजा काढला. आसुंताने स्वतः शिवलेल्या शेवटच्या जोडातला होता तो. "दाखव त्यांना."

आसुंताने मोजा ओठांशी नेला. फुंकर आत शिरली, काळी बोटं एकेक करून उठली. हसणं थांबलं. एका पोरीने दुसरीचा हात घट्ट धरला आणि दोघी एक पाऊल मागे सरल्या.

वाकलेली बोटं मात्र मोज्यात मध्येच अडकली. मग रोझारियाने आईचा हात हातात घेतला आणि एकेक बोट हळूहळू आत सरकवून दिलं.