आधी पाणी, मग प्रश्न

माझ्या मामेभावाइतका हट्टी माणूस अकोल्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो यानेच बिघडवलेला असणार. आल्यागेल्याला दारात काही विचारायचं नाही, हा त्याचा बाणा. कुरिअरवाल्यालाही तो आधी आत घेतो, पंख्याखाली बसवतो, पाण्याचा पेला पुढे करतो आणि मग विचारतो, "बोला भाऊ, काय काम काढलं?" पार्सल शेजारच्यांचं आहे हे तेव्हा कळतं. राँग नंबर लागला तरी पीकपाणी, तब्येत सगळं झाल्यावर, "तुमी कोन बोलून राहिले?" ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

हे घरापुरतं राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण स्वारी जुन्या शहरातल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची. प्रोग्रॅममध्ये क्लास म्हणजे जणू एक घर, आणि मेथड म्हणजे त्या घरात चालणारं एकेक काम; तिथेही हा गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न थेट क्लासच्या आत, मेथडमध्ये ठेवायचा. कंपनीतले साहेब फोनवरून समजावून थकले: प्रश्न बाहेरच विचारा, उत्तर तेवढं आत द्या, नाहीतर प्रोग्रॅमच्या तपासणीच्या वेळी, उत्तर द्यायला कोणी नसताना, क्लास उत्तराची वाट बघत अडून बसतो. साहेबांचं बरोबरच होतं. प्रोग्रॅममधलं ओ की ठो न कळणाऱ्या माझ्यासारखीला कळलं, तर याला कळत नव्हतं असं थोडंच! पण यानं ठणकावलं, "साहेब, मानसाले दारात उभं ठेवून नाव-गाव इचाराचं? आमच्या इकडं नाई करत कोनी असं. आत घ्या, मंग इचारा." साहेब म्हणाले, "बदला, नाहीतर नोकरी सोडा." यानं सोडली.

मामी रडकुंडीला आली. "त्याले समजाव व बाई, साहेबाची माफी माग म्हन त्याले," म्हणत तिनं मला अमरावतीहून बोलावून घेतलं. हा मामांच्या फुलांच्या दुकानात बसला होता. बसमध्ये मी चांगली खरमरीत वाक्यं जुळवून ठेवली होती. "अरे, तुले काई..." एवढंच तोंडातून निघालं, तोवर त्यानं स्टूल सरकवलं, माठातलं गार पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि शांत बसून राहिला. मला घाई होऊ नये, एवढ्यासाठी कोणी थांबून राहिलंय, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. त्याचा राग आला होता तो कुठे गेला कोण जाणे. उलट भरून आलं.

पेला रिकामा झाल्यावर त्यानं विचारलं, "हं, बोल ताई, काहून आलती?"

"शेवंतीचा हार दे बापा," मी म्हणाले.

मामीला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.