पाच बटणांचा साहेब

माणूस निवृत्त झाला की भजनाला लागतो, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतो. हिरालाल गजभियेंनी शिलाई मशीन धरली. तुमसर तालुक्यातल्या आमच्या मॅंगनीज खाणीत पस्तीस वर्षं लिफ्ट खाली-वर करणाऱ्या या माणसाला साठीनंतर इतिहास शिवायची हुक्की आली. मी त्याच खाणीतला निवृत्त हजेरीबाबू, पण शेजारी राहतो म्हणून मापाला उभा राहणारा फुकटचा पुतळा झालो.

दोष कॉलनीचा. आमच्याकडे दर हिवाळ्यात ‘जुना जमाना’ नावाचं जेवण असतं. दुपारी भात, लाखोरीच्या डाळीचे वडे, आणि प्रत्येकानं जुन्या काळचा पेहराव करून यायचं. लोक भाड्याचे फेटे आणि नातवंडांच्या गॅदरिंगचे दागिने अडकवून येतात. हिरालालभाऊंना तो इतिहासाचा अपमान वाटतो. पहिल्या वर्षी त्यांनी सत्तर सालची बेलबॉटम शिवली. तिच्या घेरानं घरापासून मैदानापर्यंतचा रस्ता झाडून निघाला. दुसऱ्या वर्षी ते मालगुजार, जुन्या काळचे जमीनदार, झाले आणि अंगरख्यासाठी बायकोचा, म्हणजे सुलोचनाबाईंचा, लग्नातला शालू कापला. पुढचे चार दिवस ते माझ्याकडे जेवले.

परीक्षक दोन्ही वर्षी पंचफुलाबाई. वय ब्याऐंशी, चौदाव्या वर्षापासून खाणीवर दगड निवडलेली, कॉलनीतली सर्वांत जुनी बाई. बेलबॉटम पाहून तिनं विचारलं होतं, “हिरालाल, बायकोचा परकर काहून घातला?” मालगुजाराबद्दल म्हणाली, “मालगुजार असा वाळका नसे.”

हे भाऊंना फार लागलं. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा, त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना पंचफुलाबाईच्या तोंडून दोनच शब्द हवे होते, ‘अगदी तसाच’. त्यासाठी यंदा त्यांनी गोरा साहेब व्हायचं ठरवलं, खाण इंग्रज कंपनीकडे होती तेव्हाचा. त्या साहेबाच्या हाताखाली काम केलेलं एकच माणूस आता जिवंत होतं, ते म्हणजे ही बाई. मी म्हटलं, मग आधी तिलाच विचारून घ्या. तर म्हणे, “पेपर फोडू का?”

तुमसरला खाकी कापड घेताना दुकानदारानं विचारलं, “होमगार्डात लागले का?” भाऊ त्या दुकानात पुन्हा गेले नाहीत. सोला हॅट त्यांनी वर्तमानपत्राचा लगदा गंजावर, म्हणजे पातेल्यावर, थापून बनवली. तो गंज भाताचा होता, हे सुलोचनाबाईंना भात लावताना कळलं. विजार मांडीला फुगलेली, गुडघ्याखाली आवळलेली. झिप लावली नाही, कारण साहेबाला झिप नव्हती, असं भाऊंचं संशोधन. पाच बटणं.

“या वयात पाच बटणं?” सुलोचनाबाई म्हणाल्या. “वेळेवर खुलतीन का?”

जेवणाच्या दिवशी भाऊ सकाळपासून पाण्याचा थेंब प्यायले नाहीत.

आणि खरं सांगतो, मैदानात ते आले तेव्हा मी थट्टा विसरलो. कोटाचे चार खिसे, कमरेला पट्टा, हातात वेताची छडी. फेटेवाले आपोआप बाजूला झाले. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि थोडा रागही आला, कारण मीसुद्धा नकळत उठून उभा राहिलो होतो.

भाऊ थेट पंचफुलाबाईच्या खुर्चीपुढं जाऊन थांबले. “काकी, तुमचा साहेब आला. असाच होता ना?”

बाईनं खाली पाहिलं. बराच वेळ खालीच पाहत राहिली.

“बूट चुकले,” ती म्हणाली.

भाऊंच्या पायात खाणीतून मिळालेले काळे सेफ्टी बूट होते, पॉलिश मारलेले. ऑफिसातल्या जुन्या फोटोवरून त्यांनी सगळं शिवलं होतं, आणि त्या फोटोत पुढं कारकून बसलेले असल्यामुळं साहेब गुडघ्यापर्यंतच होता.

“हे तं आपल्या लोकाइचे बूट,” बाई म्हणाली. “साहेबाचे लाल होते. टोकावर बारीक बारीक भोकं. डाव्याची नाडी ढिल्ली राहे. चालला का उजवा कुरकुर करे.”

“बरं, बूट चुकले,” भाऊ घायकुतीला आले. “पण वरचं? कोट? टोपी?”

“वरचं मले काय मालूम?”

“काहून? तुमी तं रोज पाहात होत्या.”

“तो आला का मान खाली घाला लागे, बाबू. वर पाहिलं का हजेरी कटे. सहा वर्स त्याचे बूटच पाहिले म्या.”

वडे वाढणारे हात थांबले. भाऊंचा चेहरा पाहवेना. दोन महिने त्यांनी जे टाके घातले होते, ते पाहायची त्या बाईला मुभाच नव्हती. त्यांनी हळूच टोपी काढली.

“काहाडू नको,” पंचफुलाबाई म्हणाली. “घाल.”

त्यांनी घातली.

तिनं चष्मा पदरानं पुसला, खुर्चीत मागं रेलली आणि टोपीपासून सुरुवात केली. कॉलर पाहिली, खिसे पाहिले, पोट पाहिलं. काही घाई केली नाही. उन्हात उभ्या भाऊंच्या कानामागून घाम वाहत होता.

“फिर,” ती म्हणाली.

साहेब फिरला.

“आता हळू फिर. मांगचं नाई पाहिलं अजून.”