धोंडीराम गैरहजर

हसायचंच ठरवलं असेल तर हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर नाकातनं येईल. माझा गाढवपणा आज मी माझ्याच तोंडानं सांगणार आहे. कारण आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, तो तिखटमीठ लावून सांगते, आणि त्यात मी आहे त्याहून जास्त येडा दिसतो.

मी फौंड्रीत तीस वर्षं मोल्डर होतो, म्हणजे ओतकामाचे साचे भरायचो. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. भट्टीपुढं ओरडून ओरडून आवाज असा झालाय, की मी उचगावात हळू बोललो तरी शेजारच्या गडमुडशिंगीची कुत्री जागी होतात.

घरात नवा नवा फोन आला, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी नात सुजाता, चौथी झालेली, हट्टाला पेटली. तिच्या वर्गातली एक पोरगी कुठल्याशा बोर्डिंगच्या शाळेत सुट्टीच्या शिबिराला जाऊन आली होती. पंधरा दिवस तिथंच राहायचं, पोहायचं, घोड्यावर बसायचं, इंग्रजी बोलायचं.

"मी बी जाणार! न्हाय पाठवलं तर जेवणार न्हाय!"

आणि खरंच दोन वेळा जेवली नाही की! घरात सुतक असल्यासारखं झालं. पोरगा आणि सून दोघं नोकरीवाले. म्हणजे शाळा बघून यायचं काम कुणाकडं? रिकामटेकड्याकडं. म्हणजे माझ्याकडं.

तीन शाळा बघितल्या. आता पुस्तकातलं मला काय कळतंय? मी आपला माझ्या पद्धतीनं बघत गेलो. आधी संडास, मग पाणी, मग स्वयंपाकघर. पहिल्या शाळेत साहेबानं गुळगुळीत कागद हातात दिला. फोटोत सगळी पोरं गोरीपान, लोणी फासल्यासारखी. मी विचारलं, "ही पोरं हितलीच काय?" साहेब खोकायलाच लागला. दुसऱ्या शाळेत आमटीतली डाळ शोधायला पाणबुड्या लागला असता. तिसरी शाळा पन्हाळ्याच्या वाटेवर. तिथल्या आचाऱ्यानं न विचारता गरम भाकरी आणि झुणका पुढं ठेवला. ठरलं!

सून म्हणाली, "मामा, तिथं शिकवतात काय ते विचारलं का?"

"अगं, भाकरी नीट भाजणारी शाळा पोरीचं अक्षर कच्चं ठेवंल व्हय?"

मग शाळेनं इंग्रजीत यादी पाठवली. सुनेनं वाचून दाखवली. ट्रंक, वळकटी, बादली, ताट, वाटी, पेला. सामान आदल्या दिवशी स्टँडाजवळ शाळेच्या टेंपोत चढवायचं. पोरं दुसऱ्या दिवशी बसनं जाणार. पालकांनी बरोबर यायचं नाही. आणि शेवटी, प्रत्येक वस्तूवर नाव पाहिजेच.

"तेवढं नावाचं तुम्ही बघा, मामा," असं म्हणून सून कामावर गेली.

मी ताट-वाटी घेऊन भांड्याच्या दुकानात गेलो. तिथला नाव घालणारा मशीन हातात धरून म्हणाला, "काय घालू, पावणं?"

"काय म्हंजे? धोंडीराम बाळू कांबळे, उचगाव."

थांबा, आत्ताच हसू नका! तुमच्या घरातल्या हंड्यावर कुणाचं नाव आहे? नातीचं? घरातल्या कर्त्या माणसाचंच की! आमच्या घरात परातीपासून पळीपर्यंत धोंडीरामच आहे. भांड्यावर दुसरं कुणाचं नाव असतं, हे माझ्या बापाला ठाऊक नव्हतं, तर मला कुठनं असणार?

टर्रर्र करून त्यानं सगळ्यावर मला कोरून काढलं. म्हातारीनं ट्रंक भरली. तिला वाचता येत नाही, आणि सुजाताला बघायला सवड नाही. कुलूप लावून किल्ली पोरीच्या गळ्यात अडकवली. भरलेली ट्रंक तशीच सायकलीवरनं पेंटरकडं नेली. तो ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवणारा. लाल अक्षरं, पिवळी सावली, खाली आमचा फोन नंबर. जागा उरली म्हणून गुलाबाचं फूलही काढलं. वळकटी आणि बादलीवर पण नाव टाकलं. रंग वाळायच्या आतच सगळं टेंपोत चढवलं.

दुसऱ्या दिवशी सुजाता बसमध्ये बसली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही कार्टीनं!

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. नुसती खरखर. मी ओरडलो, "कोण हाय?"

"मी शिबिरातून बोलते. धोंडीराम कांबळेचं घर ना?"

"व्हय! मीच धोंडीराम!"

"अच्छा! आजोबांचंच नाव ठेवलंय वाटतं नातवाला..." मधेच खरखर. "...धोंडीराम अजून शाळेत का आला नाही?"

"शाळंत? बाई, म्या चौथीनंतर शाळा सोडली!"

"चौथी झालेलीच मुलं घेतो आम्ही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सामान येऊन पडलंय आणि त्याचा पत्ता नाही," बाई म्हणाल्या. "आज जेवणाच्या वेळेपर्यंत धोंडीराम इथं हजर पाहिजे. नाहीतर जागा रद्द!"

फोन कट. जागा रद्द? पोरीनं दोन वेळा उपाशी राहून मिळवलेली जागा! आणि शाळेला मीच का पाहिजे? पोरीला काय झालं तर नाही? म्हातारीला म्हटलं, "शाळंनं मला बोलिवलंय." ती म्हणाली, "इतक्या उशिरा?"

मिळेल त्या गाडीनं, पायरीवर उभा राहून पोचलो. फाटकातच एक बाई वही घेऊन उभ्या होत्या. फोनवरचाच आवाज.

"जयभीम बाई. धोंडीराम आलाय."

"आला का? बरं झालं!" बाई माझ्या मागं बघायला लागल्या. डावीकडनं बघितलं, उजवीकडनं बघितलं. "कुठाय?"

"ह्यो काय!"

"अहो आजोबा, मुलगा कुठाय?"

"मुलगा हापिसात हाय."

बाईंनी वही मिटली आणि कपाळाला हात लावला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. पोरं आपापली ताटं घेऊन ओळीनं बसली, आणि कोपऱ्यात मला दिसली आमची सुजाता. अंगात कुणाचातरी ढगळ झगा, आणि पुढ्यात ताटाऐवजी पातेल्याचं झाकण! मला बघितल्यावर पळत आली. डोळे रडून सुजलेले.

"आजोबा, माझी ट्रंक आलीच न्हाय! आज सामान न्हाय मिळालं तर संध्याकाळच्या गाडीनं घरी धाडणार हायत मला! उद्या माझा घोड्याचा नंबर हाय!"

झालं! भट्टी पेटली.

"ट्रंक आली न्हाय? माझ्या हातानं टेंपोत चढिवलीया! कुणी ढापली ट्रंक? बोलवा तुमच्या मोठ्या बाईला! पोरीला झाकणात जेवाय घालता आन् वर घरी धाडता? ट्रंक हुडकल्याबिगर म्या हितनं हालणार न्हाय!"

पोरांचे घास हातातच राहिले. मोठ्या बाई आल्या. चष्म्यावरनं माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "या आजोबा, तुम्हीच शोधा."

मुलींच्या खोल्या बघितल्या. काही नाही. मग मुलांच्या खोलीत गेलो. ओळीनं खाटा, आणि मधल्या एका खाटेवर वळकटी, खाली ट्रंक. लाल अक्षरं, पिवळी सावली, गुलाबाचं फूल.

"ही काय! सापडली!" मी गर्जना केली. "पोरीची ट्रंक पोरांच्या खोलीत? ह्यो काय कारभार हाय?"

"ही धोंडीरामची आहे," फोनवाल्या बाई म्हणाल्या. "दोन दिवस त्याची वाट बघतोय आम्ही. हजेरीत घेतलाय, खाट दिलीय."

सुजातानं ट्रंकेवरचं नाव एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"आजोबा... ह्ये तर तुमचं नाव हाय."

"मग? घर कुणाचं हाय?"

असं म्हणालो खरा, पण म्हणता म्हणताच टाळक्यात उजेड पडला. दारात जमलेल्या पोरांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "हाच धोंडीराम! आपल्या शेजारी झोपणार होता!" आणि जे हसायला लागली पोरं! मोठ्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

सुजातानं गळ्यातल्या किल्लीनं कुलूप उघडलं, आपला झगा घेतला आणि दात ओठ खाऊन म्हणाली, "आता जावा की घरी."

आचाऱ्यानं मात्र हाताला धरून बसवलं. माणूस चांगला. जेवलो, आणि कुणाच्या नजरेला नजर न देता मागच्या फाटकानं सटकलो.

पंधरा दिवसांनी सुजाता घोड्यावरनं उतरल्यासारखी फेंगडं चालत घरी आली. पाकिटात प्रगतीचा कागद होता. एक नाही, दोन! सून दुसरा कागद वाचायला लागली आणि वाचता वाचता खालीच बसली.

"धोंडीराम बाळू कांबळे. हजेरी, एक दिवस. वर्तणूक, उशिरा आला, शिक्षकांवर ओरडला, चार भाकऱ्या खाल्ल्या, न विचारता घरी गेला. शेरा, आवाज उत्तम. सुधारणेला वाव आहे."

"मोठ्या बाईंनी सांगितलंय," सुजाता म्हणाली, "दोन्हीवर पालकाची सही पाहिजे."

सुजाताच्या कागदावर तिच्या बापानं केली. माझा बाप जाऊन तीस वर्षं झालेली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. म्हातारी चुलीपुढनं उठली, हात पुसले आणि पुढं आली.

"आणा हिकडं. पास झाल्यात न्हवं?"

"तसं कुठं लिहिलेलं न्हाय," सून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," म्हातारी शाईत अंगठा बुडवत म्हणाली. "अजून ल्हान हायती. सुधारतील."