पहिला झोका अक्काचा होता

अन्याय झाला माझ्या अक्कावर, यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, आमरसाची पंगत उठल्या उठल्या. जागा धुळ्यातलं देवपूर, आमच्या दारातला निंब.

आखाजीला पहिला झोका माहेरी आलेल्या लेकीचा. अक्का हवाई दलात आहे, तळावर रडारसमोर बसून विमानं उतरवते. दोन वर्षांनी सणाला आली होती. पण त्याच दिवशी जळगावहून आतेभाऊ आला. तो प्रवासी विमान चालवतो. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यालाच झोक्यावर बसवलं. "बस रे भाऊ, तू ते आभायमाईन उना शे!" थेट आभाळातून आलेला पाहुणा म्हणे!

तो बसला, आणि किस्सा सुरू. हवा बिघडली म्हणून त्याचं विमान हवाई दलाच्या एका तळाकडे वळवलं होतं. कधी न पाहिलेली धावपट्टी. नकाशा समोर, खाली नुसती धूळ, आणि वाट दाखवणारा रेडिओ संकेत बंद. मग तळावरून एका बाईचा आवाज यायला लागला: थोडं डावीकडे घ्या. उतार बरोबर आहे. आता जरा वर आहात.

"आणि उतरवलं मी!" बठ्ठं अंगण, लहानथोर सगळंच, टाळ्या पिटायला लागलं.

अक्काने विचारलं, "शेवटच्या टप्प्यात तू काय बोललास?"

"काही नाही. तिथं उत्तर द्यायचं नसतं, नुसतं ऐकायचं."

"तुला जमलं? कमाल आहे!"

हशा झाला. अक्काने पुढे विचारलं, "रडारवर कोण होतं?"

"काय माहीत. विचारलं नाही."

"नाहीच विचारत कोणी," म्हणत ती उष्टी ताटं उचलायला गेली.

मला त्याचा हेवा वाटतो, लपवत नाही. माझी चळवळीची पत्रकं धुळ्यात भेळीखाली जातात, त्याच्या टोपीसोबत पोरं फोटो काढतात. अक्काचाही वाटतो. तिला जे येतं त्याला घोषणा लागत नाही. पण एरवी मी चौकात अन्यायाविरुद्ध गळा फाडतो, आणि त्या दुपारी? झोक्याला धक्का कोणी दिला? मीच. चांगला उंच.

तुम्ही तसं करू नका. विमान टेकलं की टाळ्या नंतर वाजवा, आधी विचारा, खालून कोण बोलत होतं? आणि ती तुमच्याच घरची असेल, तर झोक्यावरून त्याला उठवा. सगळ्यांसमोर.